स्वस्तातलं कार्ड
तापलेल्या कॉम्प्युटरचा धुळकट वास आला की लग्नाचे व्हिडिओ करण्याचं कासा गावातलं आमचं दुकान आठवतं. एकदा नवं ग्राफिक्स कार्ड बसवताना मेकॅनिक सांगत होता, “ताई, महागड्या कार्डातलीच चिप ही. बनताना थोडा भाग खराब निघाला, तेवढा बंद केला आणि स्वस्तात विकली. अख्खी फेकणार कशाला?” तलासरीच्या कारखान्यात मशीनमध्ये तीन बोटं गेल्यावर कामावरून काढलेला माझा धाकटा दीर शेजारी बसला होता. “वहिनी, आमच्या शेठला पाठवा ना याच्याकडे शिकायला,” तो म्हणाला. आम्ही सगळे हसलो. पुढे तो महिनाभर वापीत काम शोधत फिरला आणि गावी झरीला परतून घरीच बसला, तो कायमचा. मी तेव्हा दुकानात मदतीला माणूस शोधत होते. माउसला दोन बोटं पुरतात, हे आज सुचतंय.