डावा डोळा आणि माझी बी.एस्सी.

माहेर आणि सासर मिळून पहिली पदवी माझी. बी.एस्सी., प्राणिशास्त्र. थोरल्या जाऊबाई म्हणायच्या, पिंपळे सौदागरच्या या घरात आधी पदवी आली आणि तिच्यामागून मी. मी चिंचवडच्या शाळेत शिकवायचे म्हणून त्यांनी माझं नावच 'मास्तरीणबाई' पाडलं होतं. त्या स्वतः दुसरीतून शाळा सोडलेल्या.

सत्तरच्या सुमाराला त्यांना मुलगी झाली, चार महिन्यांनी मला मुलगा. मी शाळेत, नवरा कंपनीत. दोन्ही पोरं वाढली जाऊबाईंच्या हाताखाली. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटायचा मत्सर. माझा मुलगा धडपडला की मी समोर असतानाही त्यांच्याकडे पळायचा.

पोरं चार वर्षांची होती. एका रविवारी जाऊबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. दोघांना समोर घेऊन त्यांनी खेळ मांडला: एक डोळा तळहाताने झाकायचा आणि उघड्या डोळ्याने खडे वेचायचे. उजवा डोळा झाकला की त्यांच्या मुलीला खडा सापडेना. माझ्या मुलाचा उजवा झाकला तर तो त्यांचा हात झटकून रडायलाच लागला.

"मास्तरीणबाई, काळेवाडीला डोळ्याचं शिबिर हाय. मी माझीला नेतीय. ह्याचा बी डावा डोळा दावून आणू का?"

मी टॉर्च आणला, मुलाच्या डोळ्यात पाहिलं. "जाऊबाई, डोळ्याची आकृती मी परीक्षेत काढलीय. बाहुली स्वच्छ आहे, लाली नाही, तिरळेपणा नाही. डोळ्यात काही दोष नाही."

"व्हय का? माझीच्या बी डोळ्यात वरनं बघून काय दोष दिसत न्हाई की." असं म्हणून त्या एकट्या मुलीला घेऊन गेल्या.

मुलीला चष्मा लागला आणि वर चांगल्या डोळ्यावर पट्टी. गल्लीतली पोरं तिला चिडवायची. चांगला डोळा झाकून अधू डोळा उघडा ठेवणारे हे कसले डॉक्टर, असं मी शाळेत हसून सांगितलंही. जाऊबाई मात्र रोज दुपारी पट्टी बांधून तिला मणी ओवायला बसवायच्या. रड म्हणा, लाथा झाडणं म्हणा, सगळं सोसायच्या. वर्षभराने पट्टी सुटली आणि पोरगी उजवा डोळा मिटून सुईत दोरा ओवून दाखवायला लागली. योगायोग, मी म्हटलं.

मुलगा नऊ वर्षांचा असताना माझ्याच शाळेत डोळे तपासले. डाव्या डोळ्याने त्याला तक्त्यावरचं सगळ्यात वरचं अक्षर तेवढं दिसलं. तेही माझ्या सहकारी बायकांसमोर.

नवऱ्याची फर्स्ट शिफ्ट, म्हणून पुण्याला सोबत जाऊबाईच आल्या. डॉक्टर म्हणाले, "डोळा ठीकच आहे. बघतो तो मेंदू, डोक्याच्या मागच्या भागात. मूल पोटात असतानाच, अंधारात, डोळ्यापासून तिथवर वाटा पडतात. पण कच्च्या. जन्मल्यावर दोन्ही डोळ्यांनी स्पष्ट दिसत राहिलं की त्या पक्क्या होतात. एकाने धूसर पाहिलं तर त्याची जागा दुसरा घेत जातो."

मी मान डोलावली. माझ्या परीक्षेतल्या आकृतीत डोळा मागच्या पडद्यापाशीच संपत होता, हे मी कसं सांगणार?

जाऊबाई म्हणाल्या, "म्हंजी एका वावरात दोन वाटेकरी. एकानं नांगर धरला न्हाई, तर दुसरा बांध सरकवतू."

"अगदी बरोबर बोललात!" डॉक्टर खूश झाले. मी बी.एस्सी., आणि शाबासकी त्यांना. मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "लहानपणी हा बांध पटकन मागे घेता येतो. आता नऊ वर्षं झाली. थोडं येईल, सगळं नाही. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"नाही," मी म्हणाले.

जाऊबाई शेजारीच होत्या. त्यांनी फक्त पदर सावरला. परतीच्या बसमध्ये त्यांनी चार टोमणे मारले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

मुलगा माझ्याकडून पट्टी बांधून घेईना. मी ओरडायचे, तो फाडून टाकायचा. शेवटी जाऊबाईंची मुलगी त्याला पट्टी बांधायला लागली. "गप बस रं, पट्टी बांधून मी काय मेले का?" म्हणायची आणि तो गप बसायचा. मी वह्या तपासायच्या सोडून दारातून बघत राहायचे.

आठ महिन्यांनी जाऊबाई आणि मी त्याला पुन्हा पुण्याला नेलं, तेव्हा त्याने तक्त्यावरच्या आणखी दोन ओळी वाचल्या. त्याच्या पुढच्या ओळीपाशी अडला, तो कायमचा. डॉक्टर मला म्हणाले, "आईने बरीच मेहनत घेतली."

ते वाक्य मला हवं होतं. फार हवं होतं.

"मेहनत यांची आणि यांच्या मुलीची," मी म्हणाले. "आणि तो चार वर्षांचा असतानाच यांनी मला सांगितलं होतं."

डॉक्टरांनी मान वर केली नाही, कागदावर काहीतरी लिहिलं. जाऊबाई उठल्या, मुलाचा हात धरला आणि म्हणाल्या, "चला मास्तरीणबाई, बस जाईल."

मुलाने दुसरा हात माझ्यापुढे केला नाही. मी त्या दोघांच्या मागून चालत गेले.