सुभेदारांचे लाल ठिपके

कराडात आमच्या सुभेदारांइतकी माणसं कुणी मारली नसतील आणि कुणी वाचवलीही नसतील. आणि तीही सगळी मी विकलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर. फौजेच्या वैद्यकीय तुकडीतून निवृत्त झालेली माणसं ऊस लावतात, नाहीतर सरपंचपदाला उभी राहतात. यांनी साठीत प्रोग्रॅमिंग शिकून पडद्यावर लढाई मांडली. लाल ठिपके जखमींचे, निळा हेलिकॉप्टरचा. आधी कुणाला उचललं तर कोण वाटेत दगावतो, ते मशीन सांगणार. ठिपक्यांना नावं हवीत म्हणून आळीतली माणसं घातली. पोस्टमनचा पाय गेला, वाण्याच्या पोटात गोळी लागली. वाण्याची बायको येऊन भांडून गेली, तेव्हा त्याला खरचटण्यावर आणलं.

माझा राग मात्र अजून गेलेला नाही. रेडिओ दुरुस्त करत स्वतःच्या हिमतीवर दुकान उभं केलेला माणूस मी, आणि मला त्यांनी 'थांबू शकतो' या यादीत टाकलं! मी दुकान डोक्यावर घेतलं. ते शांतपणे म्हणाले, "वरडतोय म्हंजे श्वास चालू हाय. गप पडलेल्याकडं आधी जायाचं, गड्या. मला बी ते उशिराच कळलं."

मग त्यांनी सांगितलं. एकदा डोंगरावर हेलिकॉप्टरात एकाच स्ट्रेचरची जागा होती. यांनी ओरडणाऱ्याला आधी चढवलं. माण तालुक्यातला एक शिपाई गप पडून होता. दुसऱ्या फेरीपर्यंत तो राहिला नाही. सगळा खटाटोप एवढ्याचसाठी, की आधी नेला असता तरी तो वाचला नसता, असं मशीननं एकदा सांगावं.

एका दुपारी मशीननं उत्तर दिलं. आधी नेला तर दहांत नऊ वेळा तो वाचत होता.

"आवं सुभेदार, हेलिकॉप्टर वीस मिनिटं उशिरा आणा की! आकडा तुमीच घालणार हाय न्हवं?" मी म्हणालो. जन्मभर घासाघीस केली, दुसरं काय सुचणार?

"ते येळेवर आलं हुतं," ते म्हणाले.

गेल्या महिन्यात त्यांनी नवं मशीन घेतलं, तेही माझ्याशी तासभर हुज्जत घालून. जुन्यावरचं सगळं नव्यावर हलवायला मी बसलो. प्रत्येक ठिपक्याची वेगळी फाइल. आळीतली माणसं वर, माणचा शिपाई अगदी तळाशी. सुभेदारांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आधी त्याला हलव."

मी हलवला. पडद्यावरची पट्टी पूर्ण भरली, मगच त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला.