पंगतीतून न उठलेला जावई

माण तालुक्यातल्या माझ्या सासुरवाडीला शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत पंगतीतून कुणी उठत नसे. माझं पोट मात्र पहिल्या घासालाच मुरडायचं आणि मी टमरेल घेऊन पळायचो. सासऱ्यांना तो माझा माज वाटायचा! अखेर सांगलीचे डॉक्टर म्हणाले, "मोठा रोग नाही, आतडं चिडकं आहे," आणि जेवणाआधी घ्यायला बेलाडोनाचं कडू मिक्श्चर दिलं.

ते पिऊन मी मेहुणीच्या लग्नात जेवायला बसलो. घशाला कोरड पडली, पण पोट गप्प! लढाईमुळं साखर रेशनवर होती, म्हणून गुळाची बुंदी केलेली. ती मी पुन्हापुन्हा मागून घेतली. सगळ्यांची पानं रिकामी झाली, हात वाळले, तरी माझं चालूच. शेवटी सासरेच समोर येऊन म्हणाले, "आवं पावणं, उठा की आता! पंगत खोळंबलीया."