ताईच्या थाळीतलं पाणी

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर भिवापुरी मिरच्या वाळत घालत होते. "तुही ताई गेली वं," एवढंच भाऊजी बोलले. झोपेतच गेली. आमच्या घरात सगळ्यांत बोलकी ती, आणि जाताना कुणाला साधी हाकही मारली नाही. याचा मला अजून राग येतो.

बेसा गावातल्या घरामागे तिनं पाखरांसाठी पाण्याचा संसार मांडला होता. फुटक्या माठांची बुडं, रंगाच्या डब्यांची झाकणं, हाती लागेल ते. चिमण्या, बुलबुल लगेच रुळले. अडून बसल्या त्या मधमाश्या. ऊन तापलं की त्या सरळ भाऊजींच्या कूलरवर यायच्या, वाळ्याच्या ओल्या ताट्यांना चिकटून पाणी प्यायच्या आणि खोलीत शिरायच्या. एकदा भाऊजींचा डोळा सुजून बंद झाला. परसातल्या आंब्यावरचं पोळं धूर करून काढायचं, हे त्यांनी तिथेच ठरवलं. माणूसही बोलावला. ताईनं कशीबशी मुदत मागून घेतली. "त्याईले पाणी पाहिजे, तुमचा कूलर नाही," ती म्हणाली.

मग तिनं माश्यांसाठी वेगळी थाळी केली. कुंडीखाली ठेवतात ती मातीची पसरट थाळी, माश्या बुडू नयेत म्हणून पाण्याच्या वर येणारे खडे, आणि पाणी मात्र फिल्टरचं, आल्यागेल्याला देतो ते. थाळी रोज घासायची, पाणी रोज ताजं. एकही माशी फिरकली नाही. "बर्फ टाकून पाह्य," मी चिडवलं. ती हसली नाही. आंब्यावरच्या पोळ्याचा तिला खरंच घोर लागला होता. शेवटी वैतागून तिनं थाळी घासणं सोडलं, कूलरच्या टाकीतलं शिळं पाणी तीत ओतलं आणि जुन्या ताटीचा एक तुकडा टाकला. दुसऱ्या दिवशी थाळीच्या काठावर माश्याच माश्या, कूलरवर एखाददुसरी. त्यांना ओळखीच्या वासाचं पाणी हवं होतं. भाऊजींनी त्या माणसाला येऊ नको म्हणून कळवलं, पण ताईपुढे हार काही कबूल केली नाही.

तेरवीच्या आधी आम्ही बायकांनी घर धुऊन काढलं. त्या धांदलीत थाळीही लख्ख घासली गेली, ताटीचा तुकडा कचऱ्यात गेला. परवा बेसाला गेले तर भर दुपारी भाऊजी बंद कूलरसमोर बनियनवर बसलेले, घामानं निथळत.

"कूलर काहून बंद?"

"चालू केला का त्या इकडेच येतात. मंग थाळीवर कोणी जात नाही."

टाकीतलं पाणी त्यांनी थाळीत ओतलं होतं, कूलरला लावलेल्या ताटीचाच कोपरा कापून तीत ठेवला होता. आम्ही मागच्या दारात बसलो. बऱ्याच वेळानं एक माशी आली, खड्यावर टेकली... मग आणखी दोन-तीन. मला रडू आवरेना. तोंड धुतलं आणि आत जाऊन कूलरच्या बटणाकडे हात नेला.

"थांब वं," भाऊजी दारातूनच हळू म्हणाले, "पहिले त्याईचं पाणी होऊ दे."