एदिल्बेर्तोची मध्यंतरातली फेरी

एदिल्बेर्तो अंगुलो आमच्या समुद्रकाठच्या तुमाको गावातल्या शाळेत माझ्या वर्गात होता. शांत मुलगा. भांडण लागलं की दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहायचा. पुढे डोंगरापलीकडच्या एका फुटबॉल क्लबात बचावपटू म्हणून अर्धं आयुष्य तो तसाच मध्ये उभा राहिला. अंतिम सामन्याआधी सुजलेल्या गुडघ्यात इंजेक्शन घेतलं, तेही क्लबाच्याच सांगण्यावरून.

चषक कपाटात गेला आणि याला ‘वेगळ्या सरावा’ला काढलं. खेळाडू नकोसा झाला की आमच्याकडे असंच करतात. करार मोडत नाहीत. सगळे मैदानावर आणि हा एकटा गोलमागच्या पट्टीवर धावतोय, कंटाळून आपण होऊन जाईपर्यंत. एदिल गेला नाही. त्याला निरोपाचा सामना हवा होता. शेवटची काही मिनिटं चालतील, पण खेळायला.

करार संपला, तो घरी आला, आणि मागोमाग क्लबाचा एक साहेब; आमच्याकडे अशा साहेबांना ‘डॉक्टर’ म्हणतात. एदिलच्या आईने, एउफ्रासियाबाईने, आमच्या बोलीत दोन्या एउफ्रासियाने, त्याला नारळाचा भात आणि तळलेला मासा वाढला. मीही तिथेच जेवत होतो.

“झकास ठरलंय,” साहेब म्हणाला. “मध्यंतरात मैदानाला एक फेरी मारायची, हात हलवायचा, मानचिन्ह घ्यायचं.”

“आणि खेळायचं कधी?”

“अरे एदिल, गुडघे बघ ना स्वतःचे!”

“ते कुणी झिजवले रे, डॉक्टर?” दोन्या एउफ्रासिया कडाडली. “मी? घरात फरशी पुसायला लावली होती का त्याला?”

“आई, जेवू दे त्यांना.”

“जेवू दे की. काटे त्यालाच वाढलेत मी!”

एदिल हसला नाही. “फेरी मारायला मी काय मिरवणुकीतली संताची मूर्ती आहे?” एवढंच म्हणाला.

ठरलेल्या रविवारी तिकडे क्लबाच्या स्टेडियममध्ये ध्वनिक्षेपकावर त्याचं नाव पुकारत होते, तेव्हा तो इथे, गावच्या एल मोरो किनाऱ्यावरच्या वाळूवर कोळ्यांबरोबर खेळत होता. तिथे खेळ ओहोटीचा. भरतीचं पाणी घोट्याला लागलं की सामना संपतो. पाणी लागलं. सगळे बाहेर आले. एदिल मात्र गोलपुढे तसाच उभा.

“चल रे पोरा, संपलं!” आई ओरडली.

“शिट्टी कुठे वाजली?”

शेवटी दोघा कोळ्यांनी दंडाला धरून त्याला बाहेर आणलं. गुडघा वाकत नव्हता.

गाव म्हणतं, काय सुंदर निरोप झाला! मला नाही तसं वाटत. तो निरोप त्या स्टेडियमने द्यायचा होता. त्यांनी दिला नाही.