गल्लीतलं ऊन

मोहाडीच्या विणकर गल्लीत गोपीचंदएवढा चिडका माणूस दुसरा नव्हता, आणि एक्क्याऐंशीच्या हिवाळ्यात तर त्याच्या चिडण्याला ताळतंत्रच उरलं नाही. त्याला झोप येत नव्हती. रात्र कूस बदलण्यात जायची आणि दिवसा मागावर बसलं की डोळ्यांवर झापड यायची. लुगड्याचा काठ विणण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. आता त्याच काठात धागे चुकत होते. तीन लुगडी विणकर सोसायटीनं परत पाठवली, वर निरोप दिला, की पुढचं चुकलं तर काठाचं काम समोरच्या खुशालला. म्हणजे जन्मभराची इज्जतच गेली.

त्यानं काय काय नाही केलं! खाट बदलली, चहा सोडला, डोक्यावर तेल थापलं, खुशालच्या कोंबड्याशीसुद्धा भांडून झालं. शेवटी त्याच्या बायकोनं, देवकाबाईनं, त्याला एसटीत घालून भंडाऱ्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं एवढंच विचारलं, "सकाळी उन्हात असता का?"

"उन्हात कायले? मी काय रिकामटेकडा आहो?" गोपीचंद भडकला. "झुंजूमुंजू झालं का मी मागाच्या खड्ड्यात. निंगतो ते दिवेलागणीले."

"मग रोज सकाळी तासभर उन्हात राहा. गोळी देत नाही."

परतताना त्याची बडबड थांबेना. ऊन म्हणे औषध! एवढं तिकीट काढून आलो ते हे ऐकायला? मोहाडी जवळ आल्यावर देवकाबाई म्हणाली, "आपुन पाजणी करत होतो, तवा राती तुमी मस्त घोरत होते."

पाजणी म्हणजे ताण्याच्या, मागावर चढवायच्या उभ्या सुताला खळ लावणं. तीन वर्षांपूर्वीपर्यंत सूर्य उगवला की गल्लीभर ताणे पसरायचे आणि ऊन चढेपर्यंत नवरा-बायको दोन बाजूंनी कुंचा फिरवत चालायची. बोटं गारठायची, गोपीचंद शिव्या हासडायचा. त्यानंच सोसायटीत टेबलावर हात आपटून खळ लावलेले तयार ताणे आणवले. गल्लीनं त्याला हार घातला. त्यानंतर सकाळचं ऊन त्याच्या अंगावर पडलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो गल्लीत उभा राहिला. तिथे सकाळी रिकाम्या हातानं उभा असलेला विणकर म्हणजे सूत संपलेला विणकर. जो तो विचारू लागला, "काहून जी, माग बंद पडला काय?" चौथ्यानं विचारल्यावर तो रागारागानं तडक सोसायटीत गेला.

"मले कच्चं सूत द्या. पाजणी मी घरी करतो."

सेक्रेटरी भय्याजींनी चष्मा वर केला. "काहून? तयार ताना खराब आहे काय?"

सोसायटीतले सगळे हातातली कामं सोडून ऐकत होते. "ताना चांगला आहे," गोपीचंद म्हणाला. "मीच खराब झालो."

"कच्चं सूत आता येत नाही, गोपीचंदभाऊ. तुमीच तं बंद करवलं."

घरी येऊन त्यानं सूत गुंडाळलेल्या कांड्यांची टोपली लाथाडली आणि मग स्वतःच त्या गोळा करत बसला. इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

सकाळी देवकाबाईनं माळ्यावरचे दोन कुंचे काढले, एक जुनं नऊवारी लुगडं गल्लीत नेलं आणि त्याचं टोक त्याच्यापुढे धरलं. "धरा."

"हे काय नाटक लावलं?"

"नाटक तं नाटक. चाला."

गल्ली पोट धरून हसली. दोघांनी लुगडं ताणून दोन खांबांना बांधलं आणि गोपीचंद सगळ्यांना शिव्या देत, कोरडा कुंचा फिरवत, ऊन चढेपर्यंत चालला. दुसऱ्या दिवशीही चालला, तिसऱ्याही. पुढचं लुगडं सोसायटीनं काही न बोलता ठेवून घेतलं.

पंधरवड्यानं तो जेवून आडवा झाला तो सकाळीच जागा झाला. डोळे उघडताच ओरडला, "तीन वर्सं! सोताच्या हातानं घालवले, अन् लोकायनं वरून हार घातला!"

देवकाबाईनं लुगड्याचं टोक त्याच्या हातात दिलं.