तारीख

पुस्तकांना ऊन दाखवताना जुन्या कॅलेंडरच्या पानाचे कव्हर घातलेली ती इंग्रजी कादंबरी हाती आली. त्या कागदाच्या वासासरशी मी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, रहिमतपूरच्या आमच्या सोप्यात जाऊन पोहोचले.

कादंबरीतली नोकरी करणारी, एकटी राहणारी नायिका पुरुषांना स्वतःच भेटे, स्वतःच पारखे. त्या संध्याकाळी मी तीच वाचत बसले होते. दुसऱ्या दिवशी मला पाहायला पाहुणे येणार होते, आणि मी नेहमीप्रमाणे मान खाली घालूनच बसणार होते.

"काय वाचतीयास एवढं?" आत्याने विचारले.

"हिची शनिवारी डेट आहे. म्हणजे तारीख."

"कोर्टाची व्हय?"

"नाही गं, मुलाला भेटायची. दोघंच बोलतात."

"आन् पोहे कोन देतं?"

"तोच हॉटेलात जेवायला घालतो."

"लय झ्याक!" आत्या खळखळून हसली.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांचा चहा होताच ती उठली. "आज आमच्या पोरीची तारीख हाय. समद्यांनी भाईर चला."

"कोर्टाची?" मुलाचे वडील दचकले.

सोप्यात आम्ही दोघेच उरलो. मी प्रथमच मान वर केली आणि विचारले, "तुम्हाला वाचायला आवडतं?"

ते स्थळ जुळले नाही. पुढच्या वेळी मात्र 'तारीख' मी स्वतःच मागून घेतली.